आत्याच्या पेशी मरेनात

आत्याची नोकरी नेमकी कसली, हे तिच्या शेजाऱ्यांना कधीच नीट कळलं नाही. ती एका संशोधन संस्थेत जाते एवढं ठाऊक होतं, आणि आपण तिथे मेंदू वाढवतो असं तिनेच एकदा जिन्यात सांगितलं होतं. त्यावर खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या होत्या, "मग एखादा घरी आणा की." हे आत्याच्या नवऱ्याने ऐकलं आणि तो आठवडाभर कोणाशी बोलला नाही. तसा तो एरवीही बोलत नसे. त्याचं केस कापायचं दुकान होतं, आणि दिवसभर गिऱ्हाइकांची बडबड ऐकून घरी आल्यावर त्याची जीभ आणि कान दोन्ही सुट्टीवर जात.

खरं म्हणजे आत्या मेंदू वाढवत नव्हती, मेंदूच्या पेशी वाढवत होती. उंदरांच्या न जन्मलेल्या पिल्लांच्या मेंदूतून काढलेल्या पेशी बशीएवढ्या प्लॅस्टिकच्या डिशमध्ये ठेवायच्या, त्यांना खायला घालायचं, ऊब द्यायची, आणि शास्त्रज्ञ मंडळींना हव्या तेव्हा धडधाकट हाती द्यायच्या. पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपखाली त्या मोहरीसारख्या गोल दिसत. आठवड्याभरात त्यांना धागे फुटत आणि धाग्याला धागा लागून सगळ्या डिशभर जाळं होई. या कामात आत्याने एकोणतीस वर्षं काढली होती. खोली लहान, खिडकी बंद, पंख्याला मनाई, पावडर-अत्तराला मनाई. एका भिंतीला उबेचं कपाट, दुसऱ्या भिंतीला काचेआडचं टेबल, आणि मधे एक फिरती खुर्ची, जिच्यावर दुसरं कोणी बसलेलं आत्याला खपत नसे.

तिला आत्या म्हणायची सुरुवात तिच्या भावाच्या मुलीने केली. ती सहा महिने शिकायला आली होती. मुलगी पुढे लग्न करून परदेशी गेली, पण नाव मागे राहिलं. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत, आणि संचालक तर तिच्यापेक्षा वयाने मोठे होते.

आता आत्याची एक खोड सांगायला हवी, कारण तीच पुढे तिच्या अंगाशी आली. तिला गंभीर माणसं बघवत नसत. एकदा टायवाले एक बडे पाहुणे लॅब बघायला आले आणि दर दोन मिनिटांनी "हे मला माहीत आहे" म्हणू लागले. आत्याने त्यांच्यासाठी मायक्रोस्कोपखाली एक रिकामी डिश सरकवली, नुसतं गुलाबी पाणी, आणि म्हणाली, "या फार लाजाळू पेशी आहेत साहेब, जरा वेळ लागतो दिसायला." पाहुणे दहा मिनिटं डोळा लावून बसले आणि उठताना म्हणाले की इतक्या सुंदर पेशी त्यांनी कुठेच पाहिल्या नाहीत. लॅबच्या प्रमुख बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ओठ आवळून धरले होते. हसू दाबायला की राग गिळायला, ते त्या दिवशी कोणाला कळलं नाही.

तर या लॅबमध्ये एक नवा प्रयोग सुरू झाला. मेंदूच्या पेशींवर विष घालायचं आणि मग एक नवं औषध त्यांना वाचवतं का ते बघायचं. विष म्हणजे काही भयानक नव्हे, जखमेवर ओतलं की ज्याला फेस येतो तेच द्रव्य, पण पेशींच्या अंगावर थेट पडलं की त्यांची राखरांगोळी करणारं. आता वाचवायचं म्हणजे आधी मरायला हवं. औषधाशिवाय पेशी पटापट मरत असतील, तरच औषधाची करामत दिसणार. इथेच घोडं अडलं. आत्याच्या पेशी मरेनात.

हे काम दोघांकडे होतं. एक आत्या, आणि दुसरे नुकतेच रुजू झालेले एक तरुण संशोधक. त्यांचं नाव आत्याने पहिल्याच दिवशी लेखी ठेवलं होतं, कारण कागदावर लिहिलं नसेल तर ते शिंकलेही नसते. हात धुण्याच्या पायऱ्यासुद्धा ते भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून पाळत. आत्या त्यांना तोंडावर साहेब म्हणे आणि पाठीमागे लेखी. ते त्यांना कळलं होतं, आणि त्यांची तक्रार एवढीच होती की हे नाव कुठे नोंदवलेलं नाही.

तेच विष, तीच बाटली, तेवढेच थेंब. दुसऱ्या दिवशी डिशमध्ये निळा रंग घालायचा. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंगाला दारात उभं करत नाही. लेखींच्या डिशमध्ये शंभरातल्या पंच्याऐंशी निळ्या. आत्याच्या डिशमध्ये बारा. पुन्हा केलं. लेखींच्या नव्वद, आत्याच्या दहा. तिसऱ्यांदा केलं तेव्हा आत्याच्या नऊच निघाल्या, आणि तिने मूर्खपणा असा केला की लेखींसमोर म्हणाली, "बघा साहेब, माझ्या पोरी कशा खमक्या आहेत."

त्या दुपारी प्रमुख बाईंनी तिला बोलावलं. बाई आवाज चढवत नसत, आणि म्हणूनच लोक त्यांना टरकून असत.

"आत्या, खरं सांगा. विष घातलं होतं ना?"

"घातलं होतं."

"मोजून?"

"तिन्ही वेळा मोजून."

"की नुसतं घातलं म्हणून लिहिलं?"

आत्याला आधी वाटलं बाई थट्टा करताहेत. मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला त्या पेशींचा लळा आहे, मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "आणि त्या पाहुण्यांना रिकामी डिश दाखवलीत, तेव्हाही तुमचा चेहरा असाच होता. आता जसा आहे तसाच. मला तुमच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही, आत्या."

आत्याच्या जिभेला हाड नाही असं सगळी लॅब म्हणे. आयुष्यभर ती गंमत म्हणून थापा मारत आली होती, आणि ज्या एका गोष्टीत तिने कधी थाप मारली नव्हती, तीच आज कोणी खरी मानत नव्हतं. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तोही स्वतःचा.

बाईंनी निकाल सांगितला. उद्या त्या नव्या संशोधकासमोर सगळं पहिल्यापासून करायचं. उद्याच्या पेशी मेल्या, तर आधी विष पडलंच नव्हतं असं धरायचं, आणि सोमवारपासून आत्याने बाटल्या धुण्याच्या खोलीत जायचं. नाही मेल्या, तर बाई तिची माफी मागतील.

बाटल्यांची खोली तळघरात होती. वाफ, साबण आणि काचेचा खणखणाट. तिथे कोणाला धागे फुटत नसत.

आत्याने त्या संध्याकाळी एक गोष्ट केली जी तिने वीस-पंचवीस वर्षांत केली नव्हती. प्रयोगाची छापील पद्धत तिने घरी नेली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर चष्मा लावून वाचली. वाचता वाचता ती सातव्या पायरीवर थबकली. लिहिलं होतं, विष घालण्यापूर्वी डिशमधले जुने मीडियम पूर्णपणे काढून टाकावे व ताजे भरावे.

मीडियम म्हणजे पेशींचं खाणंपिणं, तेच ते गुलाबी पाणी. पेशी त्यातली साखर खातात, त्यातच घाण टाकतात, आणि ते पिवळट पडत जातं. जुनं झालं की बदलायचं. आत्या त्याला उष्टं म्हणे. आणि हे उष्टं तिने कधीच पूर्ण काढलेलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एकदा मीडियमच्या बाटल्या वेळेवर आल्या नाहीत, तेव्हा तिने काटकसर म्हणून अर्धं उष्टं ठेवून वर अर्धं ताजं घातलं होतं. दुसऱ्या दिवशी पेशी अशा टवटवीत दिसल्या की तिने तेच चालू ठेवलं. तेव्हाच्या प्रमुखांना सांगणार होती. पण ते गृहस्थ सकाळी रागावलेले आणि दुपारी झोपाळलेले असत. पुढच्या आठवड्यात सांगू म्हणाली, मग पुढच्या महिन्यात, आणि मग सांगायची वेळच टळून गेली. ते निवृत्त झाले, बारा वर्षांपूर्वी बाई आल्या, उष्टं मात्र तसंच राहिलं. लेखी ते लिहिल्याप्रमाणे पूर्ण काढत; दोघांच्या डिशमधला फरक एवढाच होता.

यात काय मोठंसं, असं वाचणाऱ्याला वाटेल. मोठं होतं ते कागदाच्या तळाशी. वरील सर्व पायऱ्या लिहिल्याप्रमाणे केल्या, आणि खाली सही. आठवड्याला दोन कागद धरले तरी एकोणतीस वर्षांत तीन हजारांच्या आसपास होतात. तीन हजार वेळा आत्याने खोटी सही केली होती, आणि तेही गंमत म्हणून नव्हे.

आता पेच बघा. उद्या लेखींसमोर तिने उष्टं पूर्ण काढलं, तर पेशी बहुधा मरतील, तिची तीन हजार सह्यांची गोष्ट झाकली जाईल, पण विष घातलंच नव्हतं हा आळ कायमचा चिकटेल. आणि अर्धं ठेवलं, तर ते लेखींच्या डोळ्यांदेखत ठेवावं लागेल. लेखींच्या डोळ्यांतून आजवर पायरी सोडा, पायरीतला स्वल्पविरामसुद्धा सुटला नव्हता.

"जेवण?" नवऱ्याने दारातून विचारलं. त्याच्या हिशेबी हे लांबलचक भाषण होतं.

आत्याने त्याला सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला. मग म्हणाला, "कानाजवळ वस्तरा लागला की गिऱ्हाईक विचारतं, लागला का. मी नाही म्हटलं तर त्याला समोर आरशात दिसतंच."

"मग तुम्ही काय म्हणता त्याला?"

"लागला म्हणतो. आणि तुरटी लावतो." एवढं बोलून त्याने ताटं मांडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेखी हातात कागद लावलेली पाटी घेऊन खुर्चीमागे उभे राहिले. प्रत्येक पायरी ते मोठ्याने वाचत आणि आत्याने केली की खूण करत. हात धुणे, झालं. हातमोजे घालणे, झालं. सहाव्या पायरीपर्यंत गाडी रुळावरून चालली. सातवी वाचून झाली आणि आत्या पिपेटच्या बारीक नळीने अर्धं उष्टं काढून थांबली.

"पूर्ण," लेखी म्हणाले.

"मी अर्धंच काढते, साहेब."

"पूर्ण लिहिलंय."

"लिहिलंय ते वाचलं मी काल. बऱ्याच वर्षांनी. पण मी अर्धंच काढते, आणि गेल्या तिन्ही वेळा अर्धंच काढलं होतं. त्याच्या आधीही. एकोणतीस वर्षं."

लेखींची पेन्सिल पाटीवर अधांतरी राहिली. त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, आणि मग कागदाच्या तळाशी जिथे सही असते तिकडे. त्यांच्या चेहऱ्यावर देऊळ बाटल्यासारखा भाव आला. आत्याला एरवी त्याची मजा वाटली असती. तेव्हा तिने विषाची बाटली त्यांच्यापुढे सरकवली.

"आता तुम्ही विष घाला," ती म्हणाली. "तुमच्या हाताने, माझ्या डिशमध्ये. मी बोटही लावत नाही."

लेखींनी घातलं. मोजून, दोनदा तपासून. आणि इथे त्या माणसाला मानलं पाहिजे, कारण पुढचं त्यांना कोणी लिहून दिलेलं नव्हतं. त्यांनी आत्याने काढून टाकलेलं अर्धं उष्टं फेकू दिलं नाही. ते त्यांनी आपल्या एका डिशमध्ये ताज्या मीडियमबरोबर निम्मंनिम्मं भरलं, दुसरीत नुसतं ताजं भरलं, आणि दोन्हींत तेवढंच विष घातलं. नियमाबाहेर त्यांचं हे पहिलंच पाऊल असावं.

दुसऱ्या दिवशी निळा रंग घातला. आत्याच्या डिशमध्ये अकरा निळ्या. लेखींच्या नुसत्या ताज्या डिशमध्ये अठ्ठ्याऐंशी. आणि लेखींच्याच उष्ट्याच्या डिशमध्ये चौदा.

लेखींनी चौदा हा आकडा तीनदा मोजला. मग ते त्या फिरत्या खुर्चीवर बसले, आणि आत्या त्यांना काही बोलली नाही.

उष्ट्यात काय होतं ते शोधायला आठ दिवस लागले. वरच्या मजल्यावरच्या एका यंत्राने त्यातला एकेक पदार्थ वेगळा करून दिला. पेशी साखर जाळून शक्ती मिळवतात, पण चुलीत लाकूड एकदम राख होत नाही, मधे अर्धवट जळलेला कोळसा असतो. साखरेचंही तसंच. तिच्या वाटेवर मधे पायरुवेट नावाचा एक पदार्थ तयार होतो. त्यातला बराचसा पेशी पुढे जाळते, आणि थोडा दाराबाहेर सांडते. डिशमध्ये मुख्य पेशींच्या आजूबाजूला त्यांची उस्तवार करणाऱ्या शेजारी पेशी असतात, त्या तर सढळ हाताने सांडतात. तीन-चार दिवसांत तो उष्ट्यात साठतो. आणि त्या फेसाळ विषाची त्याच्याशी गाठ पडली की विष पेशीपर्यंत पोचायच्या आतच त्याच्यावर खर्च होऊन जातं, मागे उरतं ते निरुपद्रवी. शिवाय विषाने दमलेल्या पेशीला तोच पदार्थ जाळायलाही मिळतो. ताज्या बाटलीत साखर भरपूर होती, पण हा नव्हता.

लेखींनी खात्री म्हणून बाजारातली शुद्ध पायरुवेटची भुकटी आणवली आणि उष्ट्यात सापडलं तेवढंच ताज्या मीडियममध्ये घातलं. उष्टं नाही, आत्या नाही, नुसती भुकटी. पेशी वाचल्या. जिवंत माणसाच्या डोक्यात हे असंच घडतं का, असं आत्याने विचारलं, तेव्हा लेखी म्हणाले, "डिशमध्ये घडतं एवढंच लिहिता येईल." आत्याला पहिल्यांदाच त्यांचा तो स्वभाव आवडला.

पण बाईंच्या खोलीत हे सगळं मांडलं तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. या लॅबमधून एकोणतीस वर्षांत जे जे विष तपासलं गेलं, ते आत्याच्या पेशींवर तपासलं गेलं होतं. त्यातली काही विषं होती त्याहून सौम्य ठरली असणार. आता जुने कागद काढायचे, प्रयोग पुन्हा करायचे, जिथे जिथे निकाल छापले तिथे तिथे दुरुस्तीची पत्रं धाडायची. त्यातली निम्मी पत्रं बाईंच्या स्वतःच्या सहीने जाणार होती.

"मला एकदा तरी सांगायचंत," बाई म्हणाल्या.

"तुम्ही थांबवलं असतंत."

"मी विचारलं असतं, का ठेवता म्हणून. हे सगळं बारा वर्षं आधी कळलं असतं."

हा विचार आत्याला शिवलाही नव्हता. आपण लपवली ती चूक, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती. आपण लपवलं ते काहीतरी मोलाचं होतं, हे ऐकून तिला जास्त लाज वाटली.

मग बाई उठल्या, दार उघडून त्यांनी बाहेरच्या सगळ्यांना आत बोलावलं. शिपाई आला, हिशेबनीस आले, लेखी पाटी छातीशी धरून भिंतीला लागले. बाई नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "आत्यांनी विष घातलं नाही असा मी आळ घेतला होता. त्यांनी तिन्ही वेळा घातलं होतं, मोजून. मी चुकले, मी माफी मागते." आणि त्याच श्वासात पुढे म्हणाल्या, "लिहिल्याप्रमाणे केलं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं खोट्या सह्या केल्या. त्यासाठी सोमवारपासून तीन महिने त्या बाटल्यांच्या खोलीत काम करतील. नंतर परत इथे."

सगळे आत्याच्या तोंडाकडे बघत राहिले. ती आता काहीतरी खोचक बोलेल अशी खात्रीच होती. शिपायाने तर हसायची तयारीही ठेवली होती. आत्या म्हणाली, "बरं बाई," आणि टेबलावरचा आपला चष्मा उचलून बाहेर आली.

घरी पोचली तेव्हा नवरा नुकताच दुकान बंद करून आला होता आणि दारात चपला काढत होता. तिचा चेहरा बघून त्याला वाटलं, सगळं सुरळीत पार पडलं.

"मिटलं?"

"शिक्षा झाली," आत्या म्हणाली, आणि ते तिने इतक्या हलक्या सुरात म्हटलं की तो एका पायात चप्पल ठेवून तसाच उभा राहिला.

"कशाची?"

"जे केलं त्याची."